डाव्या बाजूचा ब्रेक

शिकवणाऱ्याच्या गाडीत दोन ब्रेक असतात,
हे मला पासष्ट हजारांत कळलं.
स्टिअरिंग मात्र एकच,
आणि ते आपल्या बाजूला नसतं.

त्याआधी एकवीस वर्षं मी बार्जवर.
सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरायचं,
भरती सांभाळत मांडवीतून मुरगावला उतरवायचं.
बार्जला ब्रेक नसतो.
थांबायचं तर अर्धा मैल आधी मनात आणावं लागतं.
हे मी मुलाखतीत सांगितलं तेव्हा
क्वाद्रोस सर खुर्चीत पुढे सरकले,
म्हणाले, तुम्ही जन्मजात शिक्षक आहात.
असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.
पावती फाडायला त्यांना तेवढं पुरलं.

ऑफिस डिचोलीत, बेकरीच्या वर.
जिन्यात गरम पावांचा वास,
त्या वासात कुठलीही गोष्ट खरी वाटते.
भिंतीवर टाय लावलेला माणूस, पुढे केलेली चावी,
खाली: महिना तीस हजार, स्वतःच स्वतःचे मालक.
तीस हजारच्या पाठीमागे
‘पर्यंत’ असा एक शब्द होता, मोहरीएवढा.
चष्मा घरी राहिला होता.

प्रफुल्लाने पाटल्या काढून दिल्या,
तेही मनगटाला साबण लावून, कारण निघत नव्हत्या.
म्हणाली, बार्ज तरी कुठे परत येतेय.
सोसायटीतल्या माणसाने त्या जोखल्या
आणि आमच्यापेक्षा तोच जास्त वेळ गप्प राहिला.

आम्ही एकोणीस जण.
उसगावचे दोन टिपरवाले, पाळीचा आग्नेलो,
गॅरेज विकून आलेला एक, नाव विसरलो.
तीन महिने एकच वाक्य घोटून घेतलं:
क्लच हळू सोडा, घाबरू नका, मी आहे.
आवाज कसा हवा, तर गार.
शिकाऊ माणूस नाल्यात जात असला तरी गार.
मी आरशासमोर म्हणायचो: घाबरू नका, मी आहे.
प्रफुल्ला चुलीपाशी हसायची.

सर्टिफिकेटवर चकचकीत शिक्का आहे,
उन्हात धरला की त्यात सात रंग दिसतात.
ते घेऊन सगळी ड्रायव्हिंग स्कूलं फिरलो.
पहिल्यात मालकाचा जावई शिकवतो.
दुसरा म्हणाला, गाडी तुमची असेल तर बघू.
तिसऱ्याने चहा पाजला
आणि हळूच सांगितलं,
या आठवड्यात तुम्ही पाचवे.

बेकरीवर गेलो. सर मडगावला.
परत गेलो. सर मीटिंगमध्ये.
शेवटी एका पोरीने कागद उलटा करून
चौदाव्या कलमावर नेलपॉलिश लावलेलं बोट ठेवलं:
नोकरीसाठी ‘सहकार्य’. फी परत मिळणार नाही.
मग तिचा आवाज एकदम गार झाला,
आम्हाला शिकवलेला होता तसाच.
म्हणाली, घाबरू नका काका,
एक माणूस आणा, तीन हजार तुमचे.

भाचा साईश वेर्ण्याच्या कंपनीतून सुटलाय,
हिशेबाचे पैसे अजून कोरे आहेत.
रविवारी त्याची गाडी, मी डाव्या सीटवर,
सारमानसच्या फेरीकडे उतार.
तो जरा जोरात उतरवतो.
माझा पाय रबरी मॅटवर दाबला जातो,
तिथे काहीच नाही.

मामा, तुम्ही केलात तो कोर्स, भरू का पैसे?
फेरी पलीकडच्या काठाला होती.
भोंगासुद्धा झाला नव्हता.
जुन्या बार्ज चिखलात एकमेकींना टेकून,
त्यातल्या एकीवर बगळा.
तीन हजारांत एक पाटली नाही सुटत,
व्याज सुटतं, दोन महिन्यांचं.

म्हटलं, आधी हँडब्रेक ओढ.
खिशातून माझा कागद काढला, उलटा केला.
चौदावं कलम. मोठ्याने वाच.
तो अडखळत वाचत गेला,
मी मध्ये मध्ये म्हणत होतो, हळू, हळू,
आणि फेरी आली तरी त्याचं वाचून झालं नव्हतं,
मागचा पिकअपवाला हॉर्न मारत होता.

तीन हजारांचं
प्रफुल्लाला अजून सांगितलेलं नाही.